म्हणे, हा आमचा माणूसच नाही!

आज मावसभावासोबत कामगार न्यायालयात होतो. २०२३ मध्ये तो तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून पडला, कंबर कायमची गेली. ठेकेदार म्हणतो, हा माझा माणूसच नाही! (मग दर शनिवारी पैसे कोणाला पाठवत होतास बाबा?) हजेरीवहीत नाव नाही, पण मोबाइलवर आलेल्या पगाराच्या नोंदी आहेत. वकीलबाईंनी बिल्डरलाही प्रतिवादी केलंय. अपघात झाला तेव्हा लागू असलेल्या १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याचं कलम १२ आहे ना, ठेकेदाराचा माणूस असला तरी मूळ मालक सुटत नाही. त्याने नंतर ठेकेदाराकडून वसूल करावं. भरपाई महिनाभरात दिली नाही, तर वर्षाला १२ टक्के व्याजही लागतं. समोरचे वकील म्हणाले, याने सेफ्टी बेल्ट लावला नव्हता. साइटवर बेल्ट होते तरी का, हे आता पुढच्या तारखेला विचारणार आहोत.