दोन्ही खुबे एकदम का बदलले?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, कारण भेटेल तो हेच विचारतो, दोन्ही खुबे एकाच ऑपरेशनमध्ये कशाला, आधी एक करून बघायचा ना. मलाही आधी तसंच वाटायचं. मला एव्हीएन झालं होतं, म्हणजे मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याला रक्त पोचत नाही आणि तो हळूहळू खचत जातो, कारण दुसऱ्या आजारासाठी बरेच महिने घेतलेले स्टेरॉइड. वय ३९, एक्सरेत दोन्हीकडचे गोळे चपटे, एसटीची पायरी चढताना मागून कोणीतरी आधार द्यायला लागायचं.

डॉक्टर म्हणाले, एकच बाजू केली तर उठताना भार कुठल्या पायावर घेणार? चांगला पाय नव्हताच ना माझ्याकडे! एकदम केलं तर भूल एकदा, फिजिओ एकदा, रजा एकदा. पण रक्त जास्त जातं, पायात रक्ताची गुठळी होऊ नये याची काळजी घ्यावी लागते, हृदय आणि फुप्फुसं चांगली असतील तरच करतात, हेही त्यांनी स्वच्छ सांगितलं. आणि पहिली बाजू झाल्यावर भूलतज्ज्ञ हो म्हणाले तरच दुसरी, नाहीतर तिथेच थांबायचं. हे ऐकलं आणि मला धीर आला.

भूल कमरेतून दिलेली, मी अर्धवट जागी. दुखत काही नव्हतं पण हाडात स्टेम, म्हणजे कृत्रिम सांध्याचा धातूचा दांडा, ठोकताना ठक ठक आवाज यायचा आणि प्रत्येक ठोक्याला अख्खं अंग हलायचं. मग मला दुसऱ्या कुशीवर वळवलं, म्हणजे दुसरी बाजू घेतायत हे कळलं आणि मला रडूच आलं, बरं वाटून.

दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी राहिले. टाके दुखत होते, पण आतलं ते कुरतडणारं दुखणं गेलं होतं, दोन्हीकडचं.

अवघड गेलं ते घरी आल्यावर. कुठल्याच कुशीवर झोपायचं नाही, पायांच्या मध्ये उशी घेऊन सहा आठवडे उताणं, कमोडवर उंच सीट, खाली वाकायचं नाही. गुठळी होऊ नये म्हणून ते घट्ट मोजे असतात ना, ते सासूबाई रोज सकाळी खाली बसून, पावलाला पावडर चोळून, टाचेवरून इंच इंच वर चढवायच्या, घाम यायचा त्यांना. एक पाय बरा असता तर मी बरंच काही स्वतः केलं असतं, इथे दोन्ही अडकलेले. म्हणून मला कोणी विचारलं की मी आधी हेच विचारते, घरात दीड महिना तुमच्याजवळ कोण असणार आहे?