हळदीचं दूध आणि पुढचा दात

"डॉक्टर, तुटणार नाही आणि पिवळंही पडणार नाही असं काहीतरी एकदाच भरून टाका ना!" खुर्चीत टेकता टेकताच पेशंट हे म्हणतात. ताकद आणि रंग दोन्ही टिकवणारं मटेरियल असतं का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, माझ्या कपाटात तसं एकही नाही.

ताकदीत झिरकोनिया, म्हणजे दातावरच्या कॅपचं एक सिरॅमिक, सगळ्यांच्या पुढे. त्याची पट्टी वाकवून मोडायला साधारण १००० मेगापास्कल (ताण मोजायचं एकक) ताण लागतो. लिथियम डायसिलिकेट हे काचेसारखं सिरॅमिक ४००च्या आसपास मोडतं, आणि दातात भरतो ते कॉम्पोझिट १००-१५०ला. पण हा सगळ्यात दणकट झिरकोनिया दिसतो खडूसारखा पांढराफट्ट. दातासारखी झाक यावी म्हणून त्यात यट्रिया (यट्रियम धातूचं ऑक्साइड) वाढवतात, आणि ताकद ६००च्या घरात उतरते. म्हणून दाढेला दणकट, पुढे झाकवाला. (चांदीचं फिलिंग? ते मुळातच काळपट. रंग बदलला म्हणून कुणी भांडायला येत नाही.)

रंगाचं गणित निराळं. सिरॅमिक भट्टीत भाजलेलं असतं, चहा त्यात शिरत नाही. कॉम्पोझिट म्हणजे रेझिनमध्ये, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थात, कालवलेली काचेची बारीक पूड. रेझिन तोंडातलं पाणी हळूहळू शोषतं, आणि त्याबरोबर रंगही.

एका शिक्षिकाबाईंच्या पुढच्या दाताचा कोपरा उडाला होता. मी ए-टू शेडचं (दातांच्या रंगांच्या तक्त्यातली एक छटा) कॉम्पोझिट लावलं, शेजारच्या दाताशी हुबेहूब जुळलं. तीन महिन्यांनी त्या आल्या त्या ओठांवर रुमाल धरूनच. तेवढाच कोपरा पिवळाधम्मक! रोज रात्री हळदीचं दूध घेत होत्या, पण दोष दुधाचा नव्हता. कॉम्पोझिटवर निळा लाइट मारला तरी हवेला लागलेला वरचा पातळ थर नीट कडक होत नाही, ऑक्सिजन आडवा येतो. बोटाला चिकट लागतो तो. तो घासून काढून बारीक डिस्कने चकाकी आणायची असते. त्या दिवशी बाहेर पेशंटची रांग होती, आणि शेवटच्या दोन डिस्क मी फिरवल्याच नव्हत्या.

डिस्क लावल्या, दहा मिनिटांत पिवळा गेला. म्हणजे रंग वरवरच बसला होता. पैसे अर्थातच घेतले नाहीत. "मग दूध बंद करू का?" त्यांनी विचारलं. म्हटलं, खुशाल प्या, फक्त सहा महिन्यांनी पॉलिशला या.