ताई विमानाने येणार

आइसलँडच्या ट्रिपचं सगळं ठरलेलं असताना काल रात्री ताईचा मेसेज आला, "तुम्ही दोघं बोटीने या गं, मी आपली सरळ विमानाने केफ्लाविकला उतरते, तिकडेच भेटू." पुढे एक हसरा चेहरा. बास. तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाहीये. अमेय म्हणाला, "अगं येतीये ना ती, मग झालं तर." झालं कसं? मला नीट सांगताही येत नाहीये काय झालंय ते, म्हणून लिहायला बसले.

विमान मलाही माहितीये. आइसलँडला बहुतेक सगळे विमानानेच जातात, तिथे उतरून गाडी भाड्याने घेतात आणि फिरतात. आपल्याला तसं जायचं नाही, हेच तर ठरलं होतं! गाडी घरापासून न्यायची, हॅम्बुर्गला एल्बे नदीखालच्या बोगद्यातून पुढे, फ्लेन्सबुर्गला डेन्मार्कची हद्द, मग सरळ वर ऑलबोर्ग आणि हिर्ट्सहाल्स. हॅम्बुर्गपासून साधारण ५०० किलोमीटर. तिथे रस्ता संपतो आणि गाडी बोटीच्या पोटात जाते. नॉरोना नाव आहे बोटीचं, २००३ पासून चालतीये, युरोपातून आइसलँडला स्वतःची गाडी घेऊन जायचं तर प्रवाशांसाठी हीच एक बोट. शेटलंडच्या वरच्या अंगाने जात साधारण दीड दिवसाने फॅरो बेटांवर टोर्शाव्हनला, आणि तिथून पुढे आइसलँडच्या पूर्व टोकाला सेय्दिसफ्योर्दुर.

मला त्या दीड दिवसाचंच अप्रूप होतं. बाकीचं सगळं, धबधबे, हिमनद्या, हो, ते आहेच. पण बोट सुटली की गाड्यांचा डेक बंद करतात, खाली जायचं नाही, गाडीत काही राहिलं तर राहिलं. भर समुद्रात मोबाईलला रेंज नाही. काही बुक करायचं नाही, कुठे पोचायचं नाही. मला वाटलं होतं ताई आणि मी डेकवर नाहीतर आत खिडकीपाशी बसू आणि बोलू. फोनवर आमचं बोलणं होतं पण ते तिचा कुकर आणि माझी मीटिंग यांच्या मधल्या फटीत होतं, आणि काही गोष्टी फटीत मावत नाहीत. आईच्या वेळचं तर अजून... जाऊदे.

आणि तिने ते एका वाक्यात उडवलं. ते मला लागलंय. यायचं नाही असं म्हणाली असती तर कदाचित इतकं लागलं नसतं. "मी आपली सरळ", म्हणजे आम्ही वाकडे जातोय का?

गेले कित्येक महिने मी हे एकेक जमवतीये. बोटीच्या फॉर्ममध्ये गाडीची लांबी-उंची द्यावी लागते आणि उंची छतावरच्या बॉक्ससकट मोजायची असते, तर मी आणि अमेयने पार्किंगमध्ये स्टूल घेऊन टेपने मोजली, त्याने टेप वर धरला आणि मी खाली वाकून आकडा वाचला, दोनदा, कारण बॉक्सची कड मधे येत होती. केबिन बोटीच्या मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर असली की हलणं कमी जाणवतं, म्हणून तशी तीन जणांची शोधून ठेवली, ताईसाठीच. मळमळीची गोळी बोट सुटायच्या आधी घ्यायची असते, नंतर घेऊन फारसा उपयोग होत नाही, तेही तिला कळवलं होतं. बहुतेक तेच वाचून तिच्या पोटात गोळा आला असेल.

की ते फॅरोचं कारण असेल? मधे तिथे उतरून थोडे दिवस राहायचं, तो समुद्राखालच्या बोगद्यातला गोल चौक बघायचा (बोगदा २०२० मध्ये सुरू झालाय, ११ किलोमीटरचा, पाण्याखाली असा चौक जगात आधी कुठेच नव्हता), असं मनात होतं. पण फॅरो बेटं डेन्मार्कच्या राज्यात असली तरी शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात, नाहीत. ताईचा साधा शेंगेन व्हिसा तिथे आपोआप चालत नाही, डेन्मार्ककडून फॅरोसाठी वेगळी परवानगी घ्यावी लागते, तसा उल्लेख लागतो. म्हणजे आइसलँडचे कागद वेगळे, हे वेगळे. बँकेचे कागद, पत्रं, रजेचं पत्र, सगळं एकटीने करायचं, ते पण तिकडे बसून, आणि घरचं सगळं सांभाळून. तिने मला यातलं काही बोलून दाखवलं नाही. ती कधीच बोलून दाखवत नाही, आणि मग एक दिवस हसऱ्या चेहऱ्याचा मेसेज येतो.

आज सकाळी नकाशा उघडून बसले तेव्हा आधी अजूनच रडू आलं. केफ्लाविक आइसलँडच्या नैऋत्य टोकाला आणि आमची बोट लागणार पूर्वेला. "तिकडेच भेटू" म्हणे! मधे अख्खा देश आहे. बोटीतून उतरलं की लगेच घाट चढायचा, ६०० मीटरच्या वर जातो तो रस्ता, मग खाली एगिल्सस्टाडिर, आणि तिथे तो रिंग रोड लागतो जो सगळ्या बेटाला वळसा घालतो, १३०० किलोमीटरच्या वर. १९७४ साली दक्षिणेकडच्या नद्यांवर पूल झाले तेव्हा कुठे तो पूर्ण जोडला गेला. तोपर्यंत तिथल्या लोकांनाही हिमनद्यांच्या पाण्याने पसरलेल्या तिथल्या वाळूच्या मैदानापलीकडे जायचं तर उलट्या बाजूने सगळं बेट फिरून जावं लागायचं. हे वाचत बसले आणि मग जरा शांत झाले, का कोण जाणे.

कारण मग लक्षात आलं की आम्ही दक्षिणेने गेलो तर आग्नेयेच्या हॉफ्न गावापर्यंत येतो, आणि रेक्याविकहून हॉफ्नपर्यंत दक्षिण किनाऱ्याने बस येते. म्हणजे ताई एकटी, नवख्या देशात, कुणी घ्यायला नसताना, दिवसभर बसमध्ये बसून आमच्याकडे येणार. जिला मी काल रात्रभर मनातल्या मनात बोल लावत होते ती. बोट तिला जमत नाहीये, पण बाकी सगळं करायला ती तयार आहे, आणि तेही मी ठरवलेल्या ट्रिपसाठी. तिला आइसलँडचं काय पडलंय खरं तर, तिला मी भेटायला हवी आहे. तरी बोटीवरचा तो वेळ नाही मिळणार याचं वाईट वाटतंच आहे, ते काही गेलं नाही. गाडीत बोलता येईल असं अमेय म्हणतो. गाडीत अमेय असेल, त्याला ते कळत नाही, असो.

दुपारी तिला फोन केला. बोटीचा विषय मी काढला नाही, तिनेही नाही. बसमध्ये डावीकडची खिडकी धर म्हणलं, येताना हिमनद्या त्या बाजूला दिसतात, योकुल्सारलोनला तलावात बर्फाचे तुकडे तरंगत असतात तेही रस्त्यावरूनच दिसतात. ती म्हणाली लिहून पाठव, माझ्या लक्षात राहायचं नाही. मग विचारलं तिकडे थंडी किती, स्वेटर पुरेल का. नाही पुरणार, वारा फार असतो, वाऱ्याचं जाकीट लागेल, इथूनच घेते मी तुझ्यासाठी, माप सांग. तिने माप सांगितलं आणि मागून कुणीतरी हाक मारली म्हणून फोन ठेवला.

केबिन आता दोघांची करायचीये. फॅरोचं मुक्कामाचं अमेयला विचारते, आम्ही दोघंच असलो तर थांबायचं की सरळ पुढे जायचं. मला वाटतं सरळ पुढे, म्हणजे हॉफ्नला तिच्या आधी पोचू.