आखणीचे पैसे

"अक्षरं मोजा आणि त्या हिशोबाने भाव सांगा ना." आज पाटीचं काम द्यायला आलेल्या बाईंनी अगदी सहज विचारलं.

मी कोटेशन पुढे केलं. फळी घासणं, प्रायमर, आखणी, रंगाचे दोन हात, सगळं वेगवेगळं लिहिलेलं. त्यांचं बोट नेमकं 'आखणी'वर थांबलं. "यात रंग नाही, काही नाही. मग याचे पैसे कशाचे?"

दिवसभर हेच डोक्यात घोळतंय.

अहो, खरं काम तिथेच असतं! इंचभर उंचीचं अक्षर साधारण 10 फुटांवरून आरामात वाचता येतं. पाटी 60 फुटांवरून वाचली जायला हवी असेल तर अक्षर 6 इंचांचं लागतं. त्यात आपली देवनागरी. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार. या सगळ्यांना जागा सोडली नाही तर पाटी गुदमरते. नाव लांबलचक असेल तर अक्षरं बारीक करायची की दोन ओळी करायच्या, हे खडूच्या रेषांतच ठरतं. ब्रश नंतर येतो.

पण आम्ही फोटो टाकतो ते फक्त चकचकीत तयार पाटीचे. खडूच्या रेषा पुसल्यावरचे. मग गिऱ्हाइकाला आखणी दिसणार कुठून?

यापुढे आखणीचे फोटो आधी टाकणार आहे. आणि कोटेशनमधली ती ओळ तशीच राहणार.

स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांनो, तुम्ही आखणीचे, डिझाइनचे पैसे वेगळे लावता की एकूण रकमेत धरता?