मृत्युपत्रात नातं काय लिहायचं

बडोद्यात दांडिया बाजारातल्या माझ्या वकिलीच्या ऑफिसात मृत्युपत्रं बरीच होतात, पण गेल्या पावसाळ्यातलं एक काम मनातून जात नाही. दोघी बायका, एक पासष्टीच्या, दुसऱ्या चार वर्षांनी लहान. सव्वीस वर्षं एका घरात, जोडीदार म्हणून. फ्लॅट थोरल्या बाईंच्या एकटीच्या नावावर, आणि त्यांचा आजार यकृतापर्यंत पोचलेला. धाकट्या बाईंनी बसताबसताच विचारलं, "मैत्री करार करून ठेवला तर पुरेल ना?"

गुजरातेत हा कागद जुना. स्टँपपेपरवर लिहून द्यायचं की आम्ही एकत्र राहू, एकमेकांना सांभाळू. त्याने धीर येतो, वारसा मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला सज्ञानांचे संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ खालच्या गुन्ह्यातून सोडवले. पण १७ ऑक्टोबर २०२३ ला समलिंगी लग्नाचा हक्क मान्य केला नाही, तो विषय संसदेकडे सोडला. त्यामुळे हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ पुढे या दोघी एकमेकींच्या कुणीच नाहीत. मृत्युपत्र नसेल तर अविवाहित बाईची स्वकष्टाची मिळकत आईवडिलांना, ते नसले तर वडिलांच्या वारसांना जाते. इथे वारस एकच, पाठचा भाऊ.

सोसायटीत नॉमिनेशन केलेलं होतं आणि तेवढ्यावर दोघी निर्धास्त होत्या. ही चूक सुशिक्षित घरांतही होते. नॉमिनी मिळकत ताब्यात घेतो, मालक वारसच राहतो. बक्षीसपत्र करता आलं असतं, पण त्याला जंत्रीच्या, म्हणजे सरकारी दराच्या, किमतीवर ४.९ टक्के मुद्रांक शुल्क, शिवाय दिल्याक्षणी घर हातातून जातं. उद्या उपचारासाठी घर विकायची वेळ आली तर? मृत्युपत्राला स्टँप लागत नाही आणि ते कधीही बदलता येतं. तेच ठरलं.

सगळ्यात जास्त वेळ एका शब्दावर गेला. थोरल्या बाईंना "माझी जीवनसाथी" लिहायचं होतं. मी म्हटलं, जरूर लिहा, पण "पत्नी" नको. कायदा जे मानत नाही ते लिहिलं की विरोधकाच्या हाती दोरी जाते. त्या शब्दापुढे पूर्ण नाव, वडिलांचं नाव, पत्ता घातला. मग कारण: किती वर्षं एकत्र आहोत, आजारपणात कोणी केलं, भावाला का देत नाही. सख्ख्या वारसाला वगळलं की कोर्ट आधी संशयानेच पाहतं, म्हणून ते वगळणं जाणूनबुजून आहे हे बाईंच्याच शब्दांत हवं.

भावाला सांगायचंच, हा त्यांचा हट्ट. मी घाबरलो होतो. भाऊ दत्तभक्त, गुरुवारचा उपास, दर पौर्णिमेला गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीला जाणारे. मसुदा त्यांनी दोनदा वाचला. म्हणाले, "वकीलसाहेब, हे मला पटत नाही. माझ्या धर्मात बसत नाही. पण घर ताईचं आहे." मी वाद घातला नाही. श्रद्धा वकिलाच्या टेबलावर बदलत नसते, आणि बदलायला लावणं मला योग्यही वाटत नाही. मी एवढंच म्हटलं की साक्षीदाराने मजकुराला मान्यता द्यायची नसते, सही करणारी व्यक्ती त्याच्यासमोर सही करते एवढंच सांगायचं असतं. थोडं थांबून ते म्हणाले, "मग मीच साक्षीदार होतो."

उद्या दावा लावू शकणारा एकमेव माणूस साक्षीदार! यापेक्षा पक्का कागद मी आजवर केलेला नाही.

बाईंना कचेरीत नेणं शक्य नव्हतं. नोंदणी कायद्याच्या कलम ३१ खाली अर्ज केला, सबरजिस्ट्रार घरी आले. त्याच सकाळी डॉक्टरांचा दाखला घेतला होता: शुद्धीत आहेत, समजून उत्तरं देतात. आठवडाभर जुना दाखला उलटतपासणीत टिकत नाही. सलाईनने हात सुजलेला. पहिल्या पानावरची सही इतकी आखडली की बँकेतल्या सहीशी जुळेना, म्हणून प्रत्येक पानावर सहीशेजारी डाव्या अंगठ्याचा ठसाही घेतला. कागद सरकत होता. भावाने एक कड बोटांनी दाबून धरली, दुसरी धाकट्या बाई धरायला पुढे आल्या. मी त्यांना मागे व्हायला सांगितलं. ज्याला मिळणार त्याचा हात कागदाजवळ नको, शक्यतो त्या खोलीतही नको. त्या मुकाट्याने स्वयंपाकघरात गेल्या.

कारकुनाने मसुद्यातलं नाव पाहून विचारलं, "आ बेन तमारां शुं थाय?" म्हणजे या बाई तुमच्या कोण? मी तोंड उघडणार, तोच भाऊ म्हणाले, "घरनां ज छे." घरच्याच आहेत.

बाई नवरात्राआधी गेल्या. त्याआधी एफडी दोघींच्या नावावर करून घेतल्या होत्या. बँकेत आधी काचकूच झाली, तेव्हा अर्थखात्याचं २८ ऑगस्ट २०२४ चं स्पष्टीकरण छापून नेलं: समलिंगी जोडीदारांना संयुक्त खातं उघडायला किंवा एकमेकांना नॉमिनी नेमायला कोणतीही आडकाठी नाही. फ्लॅट नावावर चढवताना सोसायटीने वारसाचं ना-हरकत पत्र मागितलं. भाऊ स्वतः घेऊन आले, नोटरी करून.