भरती-स्क्रिप्ट: ती ४५ मिनिटं अखेर सापडली

मंडळी, समुद्राच्या भरतीची वेळ काढणाऱ्या माझ्या शेल-स्क्रिप्टच्या अल्पाइनवरच्या (म्हणजे एका छोटेखानी लिनक्सवरच्या) चाचण्या एकदाच्या पास झाल्या. मॅकचं रडगाणं मागच्या वेळी गाऊन झालंय: १९७० पासून मोजलेल्या सेकंदांवरून तारीख काढायला तिथल्या 'डेट' कमांडला वेगळा पर्याय लागतो. ते एका ओळीत मिटलं: आधी 'डेट -डी @सेकंद', ते फसलं तर 'डेट -आर सेकंद'. क्रम उलटा ठेवू नका, लिनक्सवर '-आर'ला फाइलचं नाव लागतं.

खरा छळ अल्पाइनने मांडला होता. दुपारच्या सगळ्या वेळा बरोबर, पहाटेच्या तेवढ्या चुकलेल्या, आणि फरक ४५ मिनिटांचा. साडेपाच तासांचा असता तर टाइमझोनचा घोळ चटकन कळला असता! ४५ दिसल्यावर आधी नेपाळच्या +५:४५ टाइमझोनवर संशय गेला, मग भागाकारावर. शेवटी डोक्यात आलं ते आपल्या देवगडच्या तांडेलांचंच (होडीच्या म्होरक्यांचंच) गणित, ज्यावर स्क्रिप्ट चालते: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीचा तास. चतुर्थी, तीन वाजता भरती, विषय संपला. म्हणजे तिथी एकाने घसरली की पाऊण तास गेला. अल्पाइनच्या कंटेनरमध्ये टीझेडडेटा, म्हणजे टाइमझोनची माहिती असलेलं पॅकेजच नव्हतं. 'एशिया/कोलकाता' सांगूनही डेट गुपचूप यूटीसी (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ) धरत होतं, त्यामुळे पहाटे साडेपाचपर्यंत तिथे कालचीच तारीख. एवढं बदलायचं तर निदान एक ओळ खेकसावं की नाही?

टाइमझोन सांगणाऱ्या 'टीझेड'मध्ये थेट फरकच लिहिला, 'टीझेड=आयएसटी-५:३०', आणि सगळं सुरळीत. उणे बघून दचकू नका, पॉझिक्सच्या (युनिक्सछाप सिस्टिम्सच्या मानकाच्या) या लिखाणात ग्रीनिचच्या पूर्वेकडचे देश उणेच असतात. आपल्याकडे उन्हाळी वेळेची भानगड नाही, त्यामुळे एवढ्यावर भागतं.

थांबा, हे लिहितानाच सुचतंय: टीझेड हवंच कशाला? सेकंदांत १९८०० (साडेपाच तास) मिळवायचे, ८६४०० ने (दिवसभराच्या सेकंदांनी) भागायचं, दिवस हातात. मग ती लाडकी '-डी, -आर'वाली ओळही जाणार, जाऊ दे. त्यानंतर सगळ्या चाचण्या यूटीसी, काठमांडू आणि प्रशांत महासागरातल्या किरितिमाती बेटाच्या +१४ मध्ये चालवायच्या. उत्तर तिन्हीकडे एकच आलं पाहिजे. चाचण्यांसाठी बॅट्स हे साधन सुचवणाऱ्यांनो, ते छानच आहे, पण त्याला बॅश हे मोठं शेल लागतं. मला साध्या 'एसएच'वरच राहायचंय. स्क्रिप्टमधल्या चुका दाखवणारं शेलचेक मात्र सोडणार नाही, टाइमझोन त्याला दिसत नसला तरी.

उरलेत '०८' आणि '०९' हे आकडे. पुढे शून्य असलं की शेल आकडा अष्टमान (ज्यात ८ आणि ९ नसतातच) धरतं आणि तिथेच अडतं, तेव्हा गणिताआधी ते शून्य कापायचंय. कुणाकडे फ्रीबीएसडी (युनिक्सच्या घराण्यातली आणखी एक सिस्टिम) असेल तर सकाळी आठ-नऊच्या वेळा आधी चालवून बघा.