काळी दोन

या स्मरणिकेत बहुतेक जण गणिताच्या सरांच्या छडीवर लिहितील. मी हॉलच्या कोपऱ्यातल्या पियानोवर लिहितोय. पावसाळ्यात त्याच्या पट्ट्या फुगायच्या आणि खालच्या सप्तकातली काळी दोन, म्हणजे दुसरी काळी पट्टी, एकदा दाबली की वर यायचं नावच घ्यायची नाही.

नेमका तोच सूर आमच्या म्युझिकच्या मिसच्या लाडक्या रचनेचा षड्ज होता. रशियन संगीतकार सर्गेई राखमनिनॉव्हची ‘एलेजी’, ई फ्लॅट मायनर या उदास स्वरावलीतली. एलेजी म्हणजे शोकगीत. पण इथे ना शब्द ना गाणारं कोणी, नुसता पियानो. घरी आजोबांची पेटी होती, त्यामुळे ई फ्लॅट म्हणजे काळी दोन हे मला चटकन कळलं. कागदावरचे सहा फ्लॅट, म्हणजे सूर कोमल करणाऱ्या खुणा, बघून मात्र घाम फुटला. सातांतले पाच सूर काळ्या पट्ट्यांवर, पांढरे दोनच. आजोबांना सुरावट ऐकवली तर म्हणाले, “ही तर आसावरी!” तेवढ्यात आसावरी रागात न बसणारा शुद्ध निषाद लागला आणि ते चष्म्यावरून माझ्याकडे बघायला लागले.

डावा हात खालच्या षड्जापासून एकेक सूर सुटा करत लांबवर चढतो, परत खाली येतो, आणि त्यावर उजव्या हाताची चाल अलगद उतरत राहते. मिसनी महिनाभर नुसता डावा हात घोटून घेतला. “हळू मरे, पळतोस कुठे?” मूळच्या मडगावच्या, त्यांच्या मराठीत असा एखादा कोकणी ‘मरे’ यायचाच. मधे रचना मेजरमध्ये, म्हणजे उजळ स्वरावलीत, शिरते आणि चाल डाव्या हाताकडे येते, चेलो वाजावा तशी. तो भाग मला फार आवडायचा, कारण तिथे आमची काळी दोन कमी छळायची.

नववीत हस्तलिखितासाठी लेख लिहिला: ‘ज्येष्ठ रशियन संगीतकार चायकोव्हस्कीच्या निधनाने व्याकूळ होऊन राखमनिनॉव्हने ही रचना केली.’ मिसनी लाल शाईने वाक्य आडवं कापलं. चायकोव्हस्की गेला १८९३ साली, एलेजी १८९२ची. त्याच्या स्मरणार्थ केलेलं तीन वाद्यांचं त्रिकूट वेगळं. राखमनिनॉव्ह हा एकोणीस वर्षांचा पोरगा तेव्हा मॉस्को कॉन्झर्व्हेटरी या संगीतशाळेतून नुकता बाहेर पडला होता. एलेजी ज्यात पहिली, तो पाच तुकड्यांचा संच, ओपस (रचना क्रमांक) ३, त्याने अर्पण केला तो तिथे हार्मनी, म्हणजे स्वरमेळ, शिकवणाऱ्या आरेन्स्कींना. त्यातला दुसरा तुकडा, सी शार्प मायनर प्रिल्यूड, इतका गाजला की पुढे मैफलीत लोक त्याला तोच मागत राहिले. पहिली असूनही एलेजी मागेच पडली, असं माझं मत.

“मग हा शोक कुणाचा?” मी विचारलं.

“एकोणीस वर्षांच्या पोराला कारण लागतं होय?”

मिस गेल्या तेव्हा मीही साधारण तेवढाच होतो. शोकसभा याच हॉलमध्ये झाली, ऐन जुलैत. भाषणं लांबली. मग मला बोलावलं. पहिल्याच मात्रेला काळी दोन खाली गेली ती तिथेच बसली. माझा बाकावरचा सोबती उठून डावीकडे गुडघ्यावर बसला आणि शेवटपर्यंत, मी दाबली की तो नखाने ती पट्टी वर उचलत राहिला. दोनदा त्याचं बोट माझ्या बोटाखाली सापडलं. मिस असत्या तर त्याचीही लय काढली असती.

तो सध्या या स्मरणिकेच्या संपादक मंडळावर आहे. हा परिच्छेद छापला जाईल की नाही, शंकाच आहे.